ऑपरेशननंतरची घरं

गेल्या डिसेंबरात मी तीन दिवस यवतमाळ जिल्ह्यात हिंडले. तीन माणसं जिवंत आहेत की नाहीत, एवढंच विचारायला गेले होते.

मी नागपूरच्या एका रुग्णालयात पोटाची सर्जन आहे. माहेर साताऱ्याकडचं, इकडे येऊन सहा वर्षं झाली. आमचा विभाग स्वादुपिंडाच्या कर्करोगावर संशोधन करतो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून पडलेला हा अवयव वर्षानुवर्षं मुकाट काम करतो आणि त्यात गाठ झाली तरी बहुतेक वेळा उशीर होईपर्यंत मुकाटच राहतो. गाठ काढायचं ऑपरेशन मोठं असतं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय असं सगळं काढून उरलेलं तीन ठिकाणी पुन्हा जोडायचं. त्यातला स्वादुपिंडाचा जोड फार नाजूक. तो गळला, की अन्न पचवणारा रस माणसाचं स्वतःचंच मांस पचवायला लागतो. ही गळती कुणाला होते, का होते आणि पुढे त्या माणसाचं काय होतं, हा माझा विषय.

लेख पूर्ण होत आला होता. तीन रुग्णांपुढे शेवटचा रकाना कोरा होता. फोन बंद, पत्रांना उत्तर नाही. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "संपर्क तुटला असं लिही आणि पाठवून दे." तसं लिहिता येतं, सगळे लिहितात. पण तिघांनाही मी हातांनी शिवलं होतं. मी सुट्टी टाकली, रुग्णालयाची गाडी मागितली आणि सुरेशभाऊंना सोबत घेऊन निघाले. सुरेशभाऊ आमचे ड्रायव्हर, मूळचे दारव्ह्याचे, या जिल्ह्यातले रस्ते पाठ असलेले.

आर्णी

यवतमाळ सोडल्यावर थंडी कमी झाली आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. वेचणीला आलेल्या बायका डोक्याला रुमाल बांधून ओळीने चाललेल्या. कापसाच्या मधल्या तासांत तूर पिवळ्या फुलांवर. आमच्याकडे या दिवसांत ऊसतोडीच्या बैलगाड्या असतात आणि हवेला गुळाचा वास. इथे हवेला काहीच वास नव्हता, फक्त उजेड फार होता. एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री बेताने घेतली, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुरेशभाऊ हसले. "मॅडम, तुमी अजून पाहुण्याच हा."

मोतीराम आर्णीच्या पुढे पाचसहा किलोमीटरवरच्या तांड्यात राहायचे. बंजारा माणूस. आजोबा बैलांवर मीठ वाहायचे, हे त्यांनीच मला वॉर्डात सांगितलं होतं. ऑपरेशननंतर त्यांचा जोड गळला. पोटातून काढलेल्या नळीला पिशवी लावून ते चाळीस दिवस आमच्याकडे होते. रसाने नळीभोवतीची कातडी जळून लाल झाली होती, तरी मी राऊंडला गेले की पिशवी दाखवून म्हणायचे, "पाहा डॉक्टरबाई, गाय अजून दूध देऊन राह्यली." गळती थांबली, नळी निघाली, तेव्हा सगळ्या वॉर्डाला त्यांनी पेढे वाटले होते.

घर विचारलं, तेव्हाच कळलं. ज्याला विचारलं त्या माणसाने माझ्याकडे न बघता सुरेशभाऊंना सांगितलं, "त्याइले जाऊन दोन पोळे झाले." म्हणजे बैलपोळ्याचा सण त्यांच्यामागे दोनदा येऊन गेला होता.

मोतीरामची बायको, कमलाबाई, ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. तिने मला ओळखलं. उठली, आत जाऊन पाणी आणलं, चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही बसून राहिले. आमच्याकडे अशा घरी गेलं की बायका गळ्यात पडून रडतात. इथे ती शांतता मला सोसवेना.

"मावशी, काय झालं त्यांना?" मी शेवटी विचारलं.

"वाळून गेले," ती म्हणाली. "तुमी धाडलं तवा चालत आलते. तांड्यात फिरले, सगळ्याइले रामराम केला. मंग पातळ होऊ लागले. मी रोज दूध देत होती, घरचं तूप देत होती. शिरा करत होती तुपातला. जितकं खाऊ घालो, तितकं जाये. तेलासारखं जाये, बाई. पानी टाकलं तरी वाहून नाही जाये."

मी विचारलं, "मावशी, जेवताना घ्यायच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या?"

ती आत गेली आणि कोनाड्यातून रिकामी बाटली घेऊन आली. स्वच्छ धुऊन ठेवलेली. "ह्या सरल्या. आर्णीत नाही भेटल्या. दुकानवाला म्हने, हाजम्याच्या हायेत, नाही घेतल्या तरी चालते. तर मंग म्या कायले हट्ट करू? कोनी म्हटलं असतं का ह्या जन्मभर लागते, तर पोराले यवतमाळले धाडलं असतं, नागपूरले धाडलं असतं."

बाटलीबरोबर तिने डिस्चार्जचं कार्डही आणलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. औषधांच्या यादीत चौथ्या ओळीवर त्या कॅप्सूल होत्या. पुढे इंग्रजीत दोन शब्द, जेवणासोबत, चालू ठेवणे. खाली सही. अक्षर माझं होतं.

स्वादुपिंड कापलेल्या माणसाला तूप पचत नाही. पचवणारा रसच कमी पडतो, तो कॅप्सूलमधून द्यावा लागतो. हे मी परीक्षेला येणाऱ्या मुलांना शिकवते. मोतीरामची गाठ परत आली होती की ते भरल्या ताटावर उपाशी गेले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कमलाबाईला मी काय सांगायला हवं होतं? तुझ्या तुपाने त्यांच्या अंगी काही लागलं नाही, असं? मी एवढंच म्हणाले, "मावशी, चूक आमची आहे. मी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं."

तिने ते ऐकलं. माफही केलं नाही आणि रागावलीही नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "जे कापलं ते कुठं हाये?"

मी खरं सांगितलं. गाठीचा एक तुकडा तपासणीला गेला, एक तुकडा संशोधनासाठी शीतपेटीत ठेवला आहे. त्यांनीच कागदावर अंगठा दिला होता.

"अजून हाये?"

"हो."

"खराब नाही होत?"

"नाही. वर्षानुवर्षं राहतो."

कमलाबाईने तुरीचं सूप बाजूला ठेवलं. "मान्स गेला न बाई, अन् बिमारी ठेवली जपून." ती ओरडली नाही, हळूच म्हणाली. "आमी अर्धाच मान्स जाळला मंग. तुमचं काम झालं का तेबी जाळून टाका. सांगा कोनाले तरी तिकडं."

मी हो म्हणाले. निघताना तिने जेवून जायला सांगितलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, वर तिने न विचारता तूप वाढलं. मी ते सगळं खाल्लं. सुरेशभाऊ पाटावर मान खाली घालून बसले होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मॅडम, उद्याचं राहू द्या. वापस जाऊ."

वणी

आम्ही परत फिरलो नाही. सकाळी आर्णीहून निघालो, करंजीच्या पुढे टायर पंक्चर झालं. डिकीतलं जादाचं टायर काढून पाहिलं तर त्यातही हवा नाही. सुरेशभाऊ कापूस भरलेल्या एका ट्रॅक्टरवर बसून पंक्चरवाल्याला आणायला गेले आणि मी दीड तास रस्त्याकडेच्या पळसाखाली बसले. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जिनिंगकडे चालले होते. उडालेल्या कापसाचे पुंजके बाभळींना लटकलेले. माझ्या मांडीवर रुग्णांची फाईल होती, पण ती उघडली नाही.

वणी जवळ आली की जमिनीचा रंग बदलतो. कोळशाचे ट्रक, ताडपत्र्या, रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळी. दुपारपर्यंत माझी ओढणी राखेच्या रंगाची झाली. चहाच्या कपावर बशी झाकून देतात इथे. मी ती काढून ठेवली, तेव्हा हॉटेलवाल्याने काही न बोलता परत झाकली.

नारायणराव खाणीत डंपर चालवायचे. त्यांच्या ऑपरेशनला आम्ही पोट उघडलं आणि गाठ मागच्या मोठ्या रक्तवाहिनीला गुंडाळलेली दिसली. काढता येणार नव्हती. आतडं दुसरीकडून जोडून खाण्याची वाट मोकळी केली, टाके घातले. बाहेर येऊन सरांनी नातेवाईकांना सांगितलं, "जमेल तेवढं केलंय." त्या वेळी मी शेजारीच उभी होते.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. प्रणाली, वय बावीस-तेवीस, इथल्याच कॉलेजात बीएस्सी झालेली. भिंतीवर नारायणरावांचा हार घातलेला फोटो होता, म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर दारातच मिळालं. आई शेतावर कापूस वेचायला गेली होती. प्रणालीने खुर्ची दिली आणि समोर उभी राहिली.

"तुमी आत्ता आल्या?" ती म्हणाली.

मी सांगितलं, फोन लागत नव्हते, पत्रं पाठवली होती.

"पप्पा गेल्यावर त्यांचा फोन बंद केला. त्याच्या आधी मी तुमच्या नंबरवर किती वेळा लावला ते लिहून ठेवलंय." तिने कपाटातून एक लांबडी वही काढली.

एवढी काटेकोर नोंद मी आमच्या विभागातही पाहिलेली नाही. रोजची तारीख, वजन, काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, लघवीचा रंग. दुखणं किती, त्यासाठी तिने स्वतःचीच खूण ठरवली होती: एक फुली म्हणजे बोलता येतं, दोन म्हणजे बोलत नाहीत, तीन म्हणजे ओरडतात. पहिल्या महिन्यात एकेक फुली. मग दोन. शेवटची कितीतरी पानं तीन-तीन फुल्यांनी भरलेली. मधूनच ओळ होती: नागपूरला फोन केला, उचलला नाही. नागपूरला फोन केला, उद्या करा म्हणाले. नागपूरला फोन केला, साहेब ऑपरेशनमध्ये.

"शेवटी पप्पा झोपतच नव्हते," प्रणाली म्हणाली. "उशी मांडीवर घेऊन समोर वाकून बसत. रात्रंदिवस तसेच. पाठ टेकली का ओरडत. मॅडम, वाकल्यावरच बरं काहून वाटे?"

मी तिला सांगितलं. स्वादुपिंडाच्या मागे नसांचं जाळं असतं. गाठ तिथे पोचते आणि नसांच्या कडेकडेने वाढते. माणूस उताणा झाला की तिच्यावर दाब येतो, पुढे वाकला की थोडा सुटतो. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात ऐकतात तशी.

"त्याच्यावर इलाज नव्हता?"

"दुखण्यावर होता. त्या नसा सुईने बधिर करता येतात. मॉर्फिनच्या गोळ्या असतात."

"इथं डॉक्टर म्हणाले, तशा गोळ्या ठेवायला लायसन लागते. आमच्यापाशी नाही." ती थांबली. "म्हणजे नागपूरले नेलं असतं तर पप्पांचं दुखणं थांबलं असतं."

"बरंच कमी झालं असतं."

"अन् हे तुमाले तवाच माहीत होतं? पोट शिवलं तवा?"

मी हो म्हणाले.

"मंग सांगितलं काहून नाही, मॅडम?"

मला खूप काही सांगता आलं असतं. वॉर्डात माणसं किती, आम्ही किती. नातेवाईकांना धक्का बसू नये म्हणून आम्ही जपून बोलतो, वगैरे. पण खरं कारण एवढंच होतं, की ज्याची गाठ निघत नाही त्या माणसाकडून आमचं लक्ष आपोआप उठतं. पुढचा पेशंट टेबलावर आलेला असतो.

"कोळशाच्या धुळीनं होते का हे?" तिने शेवटी विचारलं.

"माहीत नाही. आम्ही शोधतोय."

"आमी समजलो होतो का तुमाले सगळं माहीत असते." तिने वही मिटली. मला वाटलं, ती परत कपाटात ठेवेल. पण तिने ती माझ्या हातात दिली. "तुमच्या कामाची असंन तर घेऊन जा. आईच्या हाती लागली का ती रडते. फक्त पप्पाले दुखत होतं, हे लिहा. नुसतं मेले असं नका लिहू."

वही घेऊन मी गाडीत बसले. आमच्या तक्त्यात दुखण्याचा रकाना नाही. गळती, रक्तस्राव, ताप, जगण्याचे दिवस, एवढंच आहे.

मुकुटबन

तिसऱ्या दिवशी मी कुणाच्या घरात शिरण्याआधी भिंतीवर फोटो आहे का ते बघायचं ठरवलं होतं. मुकुटबनला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. कोवळं ऊन, रस्त्यावर सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, घेऊन चाललेल्या गाड्या. सुशीलाबाईंचं घर विचारलं तर एकाने हात करून दाखवलं, "थे काय, चक्कीचा आवाज येऊन राह्यला न."

चक्की चालू होती. आत पिठाने पांढऱ्या झालेल्या सुशीलाबाई डब्यात पीठ भरत होत्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला पाहून त्यांनी मोटर बंद केली आणि हात पसरून आल्या.

"मॅडम! घर पावन झालं माय!"

मी त्यांना मिठी मारली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडले. त्यांना वाटलं, प्रवासाने थकले. त्यांनी मला बसवलं आणि नवऱ्याला हाक मारली. दिगंबरभाऊ गोठ्यातून आले. कमी बोलणारे शेतकरी गृहस्थ, चक्कीत कधी पाऊल न ठेवणारे. चक्की सुशीलाबाईंना वडिलांकडून आली होती.

या घरात सगळं नीट झालं होतं. फोन फक्त पाण्यात पडला म्हणून बंद होता. कॅप्सूल दिगंबरभाऊ दर महिन्याला बसने चंद्रपूरला जाऊन आणत होते. केमोथेरपीची एकही तारीख चुकवली नव्हती. सुशीलाबाईंचा जोड गळला नव्हता, ताप आला नव्हता. गाठ पूर्ण निघाली होती, कडांवर काही उरलं नव्हतं. आम्ही जे-जे सांगितलं ते त्यांनी केलं होतं आणि जे-जे करायचं ते आम्हीही केलं होतं.

त्यांनी पाटवड्यांचा रस्सा केला. ताट पुढे ठेवताना दाराचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं पाणी लागावं तसा झाला होता.

मी घास हातात धरून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने हात पुसले.

"तुमाले दिसलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच होतं. आठ दिवसांपासून तळहाताले खाज सुटून राह्यली. पह्यलेबी असंच झालतं. यायले मी सांगतलं नाही अजून." दिगंबरभाऊ बाहेर बैलांना पाणी दाखवत होते.

परवापर्यंत मी काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. नागपूरला या, तपासण्या करू, बघू. या वेळी मी ताट बाजूला सरकवलं.

"ताई, नागपूरला याच. आतून नळी टाकली की कावीळ उतरेल, खाज थांबेल. दुखायला लागलं तर त्यावरही इलाज आहे, तो मी स्वतः बघेन. माझा नंबर देते, तो मीच उचलेन."

"अन् गाठ?"

"परत आली असणार. तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण बहुतेक तसंच आहे."

"काढसान?"

"आता नाही काढता येणार."

"तुमी त म्हटलं होतं, सगळी निघाली."

"डोळ्यांना दिसत होती ती सगळी निघाली होती, ताई."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"महिने. वर्ष धरू नका."

आमच्या विभागात या आजारावर फ्रीजर भरून तुकडे आहेत. गाठीभोवती इतकं चिवट आवरण असतं, की औषध आत पोचता पोचत नाही. ऑपरेशनच्या आधीच पेशी रक्तातून निसटलेल्या असतात. हे मी सभांमधून सांगते. मुकुटबनच्या त्या खोलीत दोष द्यायला कुणी नव्हतं. आर्णीत मी स्वतःला दोष देऊ शकले, वणीत आमच्या फोनला. इथे काहीच नव्हतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त हरल्यासारखं वाटलं.

सुशीलाबाई उठल्या. मला वाटलं, आत जाऊन रडतील. त्यांनी दारात जाऊन हाक मारली, "अवो, इकडं या बरं. चक्कीत या."

दिगंबरभाऊ दारात येऊन थबकले. "कायले?"

"दगडाले टाकी मारायची हाये. मले आता वरचा दगड उचलत नाही. तुमी शिकून घ्या."

"मले कायले शिकवतं? मी शेतीवाला मानूस."

"या म्हटलं न."

वरचा दगड दिगंबरभाऊ आणि सुरेशभाऊंनी मिळून उचलला, मी बाजूने आधार दिला. त्याच्या खाचा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, त्या टाकी मारून पुन्हा कोरायच्या होत्या. सुशीलाबाई खाली पोत्यावर बसल्या, छिन्नी-हातोडी घेतली आणि मधल्या भोकापासून कडेकडे दोन ओळी मारून दाखवल्या. दम लागला तेव्हा थांबल्या. "अशी तिरपी धरायची. खोल नाही मारायची. कडेले हलकी. दगड बसवला का कान देऊन आयकायचं. पीठ हाताले गरम लागलं का समजायचं दगड लय जवळ आले, मंग हे चाक थोडं मांगं फिरवायचं."

दिगंबरभाऊंनी छिन्नी हातात घेतली, चारदोन घाव घातले. ओळ वाकडी गेली. ते हसले आणि छिन्नी खाली ठेवली.

"एवढं कुठं ध्यानात राहते माह्या?" ते म्हणाले. "अडलं त इचारीन तुले. तू त हायेसच घरी."

सुशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी छिन्नी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली, त्यावर स्वतःची बोटं धरली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.